तारखेसकट नाव

चन्नबसम्मानं पोत्यात बांधून आणलेलं शेवयाचं मशीन योगीराजशेठच्या काउंटरवर धाडकन ठेवलं. पिंगळीहून गंगाखेडपर्यंत रेल्वेत ते तिच्या मांडीवर होतं. मांड्या भरून आल्या होत्या, जीभ मात्र ताजीतवानी होती.

"मोटर जळाली, शेठ. दोन वर्साची वारंटी हाय. बदलून द्या. सोमवारी लग्नघरी वीस किलो शेवया द्यायच्यात."

शेठनं वारंटीचं कार्ड उलटसुलट केलं. तारखेची जागा कोरी, शिक्क्याची जागा कोरी. भरायचं काम खरं तर त्याचंच, पण पाडव्याच्या गर्दीत राहून गेलं होतं.

"मावशी, कधी घेतलं, कुठं घेतलं, काय पत्ता? पावती?"

"पावती उंदरानं खाल्ली. कार्ड देवाजवळ ठिवलं म्हणून वाचलं."

दुकानात हशा पिकला. शेठनं मशीन फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. स्टीलवर अक्षरं कोरलेली होती. आपल्याकडं ताट घ्या, तांब्या घ्या, नाव टाकल्याशिवाय वस्तू घरात जातच नाही. मग चन्नबसम्मा कशी मागं राहील?

"आता तर विषयच संपला. ह्यावर कोरकाम केलंय. मशीनशी छेडछाड केली की वारंटी बाद. बघा, कार्डावर छापलंय."

चन्नबसम्मानं मशीन आपल्याकडं ओढलं. नाव टाकायची हौस तिचीच. त्या हौसेनं अख्ख्या हंगामाचा घात केला म्हणायचा! तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. आपलं नाव, मग गाव, मग पुढं... कोरताना शेठ काय बोलला होता ते तिला आठवलं आणि तिनं मशीन परत शेठकडं वळवलं.

"शेठ, चष्मा लावा आन् मोठ्यानं वाचा."

"कशाला?"

"वाचा तर!"

गिऱ्हाइकं पुढं सरकली. कुकर घ्यायला आलेल्या गीताबाईनं तर मान मध्ये घालून शेठच्या आधीच वाचून टाकलं, "चन्नबसम्मा, पिंगळी. गुढीपाडवा, तीस मार्च दोन हजार पंचवीस. योगीराज स्टील भांडार."

"अक्षर कुणाचं?" चन्नबसम्माचा आवाज आनंदानं चिरकला. "'मावशी, नाव फुकट टाकून देतो, दुकानाचं बी टाकतो,' कोण म्हनलं व्हतं? छेडछाड तुमची, तारीख तुमची, दुकान बी तुमचंच! परभणीला ग्राहक आयोग हाय. तिथं वकील लागत न्हाई म्हनं. मी बी बोलणार न्हाई. ह्ये मशीन नुसतं टेबलावर ठिवते."

शेठनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच राहिली. तो आत गेला आणि नवं, खोक्यातलं मशीन घेऊन आला. "जुनं मी कंपनीला धाडतो. तुमी हे न्या."

चन्नबसम्मानं आधी कार्डावर शिक्का मारून घेतला. मग मशीन खोक्याबाहेर काढून त्याच्यापुढं सरकवलं.

"ह्याच्यावर बी टाका."

शेठनं कोरायचं यंत्र हातात घेतलं. ते घुर्रकन सुरू होतंय न होतंय तोच गीताबाईनं आपला कुकर मशीनला चिकटवून ठेवला.

"माझ्या कुकरवर बी. तारखेसकट."

मागून कुणीतरी मिक्सर पुढं केला.