निरंक

"वर म्हंजी कोन, गुरुजी?" कोंडाबाईनं विचारलं.

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न वैजनाथ सरांना कुणी विचारलाच नव्हता. 'वरून आदेश नाही' एवढं म्हटलं की माणसं मान हलवत आल्या पावली परत जात. समोरच्याचा राग अंगावर न घेता परतवायचा, तर यासारखं दुसरं वाक्य नाही.

कोंडाबाई मात्र शाळेच्या दारातून हलली नाही. समोर चावडीपाशी मुकादमाचा ट्रक लागला होता. तिचा नवरा व्यंकट भांडीकुंडी आणि कोयते चढवत होता. येरमाळ्याच्या अलीकडच्या या वस्तीतली वीस-बावीस घरं ऊस तोडायला निघाली होती, पाच-सहा महिन्यांसाठी. तेरा वर्षांची मोनिका धाकट्या भावाला कडेवर घेऊन आईच्या मागे उभी होती.

शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं असतं तर मोनिका मागे राहिली असती. आईबाप तोडीवर, लेकरं शाळेत, दोन वेळचं जेवण आणि रात्री झोपायला वर्गखोली, असा तो प्रकार. पलीकडच्या गावात तो सुरूही झाला होता. इथं काही हालचाल नव्हती. कोंडाबाई श्रावणापासून दर सोमवारी येऊन विचारायची आणि सर दर सोमवारी तेच सांगायचे. त्यात खोटं असं काही नव्हतं. वरून खरंच काही आलं नव्हतं.

"नाव सांगा त्येंचं," कोंडाबाई म्हणाली. "म्या ट्रक थांबविते आन जाते. पाया पडते. हिच्या बापानं सांगितलंय, यंदा शाळा बुडली तर उन्हाळ्यात लगीन लावून उजवून टाकायची. घरात म्हातारं मानूस न्हाय हिला ठिवायला. सातवीला हाय वो पोरगी."

सरांनी खिशातून मोबाईल काढला. बाईचं समाधान व्हावं आणि तिनं एकदाचं जावं, एवढाच त्यांचा हेतू होता. तालुक्याच्या कचेरीत फाइली सांभाळणारे समदभाई त्यांच्या ओळखीचे होते.

"समदभाई, आमच्या वसतिगृहाचं वर कुठं अडलंय हो?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कागद चाळले गेले.

"अडलंय कुठं सर? तुमची मागणीच नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं किती, असा तक्ता ऑगस्टात पाठवला होता. तुम्ही निरंक लिहून परत केलाय. खाली सही तुमचीच आहे."

निरंक. म्हणजे या शाळेत असं एकही लेकरू नाही.

शाळेच्या मोबाईलवर रोज एखादा तक्ता येऊन पडायचा आणि तो संध्याकाळच्या आत परत हवा असायचा. वादळात किती पत्रे उडाले, किती रोपं जळाली, परदेशातून आलेले विद्यार्थी किती. सर सगळ्यांवर निरंक लिहायचे, सही ठोकायचे आणि फोटो काढून पाठवून द्यायचे. आकडा लिहिला की दहा प्रश्न मागे लागतात. निरंक लिहिलं की पुन्हा कुणी विचारत नाही. नोकरीत शिकलेलं शहाणपण ते एवढंच. ऑगस्टातला तो तक्ता त्यांना आठवेना. बहुधा त्यांनी तो वाचलाही नसावा.

"दुरुस्ती करता येईल?"

"मुदत सप्टेंबरात संपली. आता पुढच्या साली."

"वरच्यांना सांगून काही..."

"वरचे काय करणार सर? वर जातो तो तुमचाच कागद."

फोन बंद झाला. सरांना काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. पण बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला नसल्यासारखा होतो, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. चूक माझी आहे. तीन शब्दांचं वाक्य होतं. तिसरीतलं पोरही वाचून दाखवेल.

ट्रकचा हॉर्न वाजला.

"काय मनले?" कोंडाबाईनं विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. "मुदत संपली," ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

कोंडाबाईनं पदर खोचला. मोनिका आधीच ट्रककडे वळली होती. वर चढताना तिनं भावाला व्यंकटच्या हातात दिलं आणि गोणपाटांच्या ढिगावर शाळेकडे पाठ करून बसली.

कोंडाबाई चार पावलं गेली, थबकली आणि परत आली. तिला कळलं, असं सरांना वाटलं. तिनं आता चारचौघांत शिव्या घालाव्यात, कॉलर धरावी, असंही वाटून गेलं. तेवढ्यानं बरं वाटलं असतं.

ती वाकली आणि त्यांच्या पाया पडली.

"जिवाला लावून घिऊ नका गुरुजी," ती म्हणाली. "तुमच्या हातात असतं तर तुमी हिला जाऊ दिली नसती."