आजींचे जोडे

"तुझं हे सारखं काळजी करणं पोरीला लागेल हं," सासूबाईंनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

हिवाळ्याच्या सुट्टीत कोरियाची राजधानी सोल पाहून आम्ही जोन्जू शहरात एका जुन्या कौलारू घरात उतरलो. शेजारच्या खोलीत घरमालकीण आजी एकट्याच राहायच्या. सकाळी फिरायला निघालो, तर सहा वर्षांची हारिन अंगणातच अडली.

"आई, आजींच्या जोड्यांत बर्फ साचलाय."

"रात्री पडला असेल. चल, बस चुकेल!"

"पण जोडे दाराबाहेर, म्हणजे आजी घरातच. मग रोजच्यासारखं अंगण का नाही झाडलं?"

"घ्या! अगदी आईवर गेलीय," नवरा हसला.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. दार सरकवलं, तर आजी जमिनीवर. पाय मोडलेला, ओरडून ओरडून आवाज बसलेला.

रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी हारिनचा हात धरून बसक्या आवाजात विचारलं, "कुणाच्या घरची गं ही गुणाची पोर?"

"माझी!" नवऱ्याने तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले.

तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज जरा दार वाजवून याल?