साडूची गाडी

सासरेबुवांच्या तोंडी सदा धाकट्या जावयाचंच कौतुक असायचं, आणि ते ऐकून थोरल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या दिवशी धाकट्याच्या नव्याकोऱ्या गाडीचं चाक सासऱ्यांच्या दारातच पंक्चर झालं. थोरला कठड्याला टेकून मजा बघत उभा राहिला. साडूने मऊ मातीतच जॅक लावला, मागच्या चाकाला साधी वीटही लावली नाही. थोरल्याच्या ते लगेच लक्षात आलं, पण तो गप्प राहिला. होऊ दे की एकदा याची सगळ्यांसमोर फजिती!

चाक निघालं, तेवढ्यात एक नट घरंगळत गाडीखाली गेला. तो काढायला साडू आडवा झाला आणि खांद्यापर्यंत आत शिरला. इकडे जॅक कलायला लागला. थोरल्याने धावत जाऊन काढलेलं चाक गाडीखाली ढकललं. दुसऱ्याच क्षणी जॅक निसटला आणि गाडी दाणकन त्या चाकावर टेकली. साडूला साधं खरचटलंही नाही.

आवाज ऐकून सासरे बाहेर आले. “चाक आधीच खाली सरकवून ठेवलं होतं म्हणून निभावलं,” ते थोरल्याला म्हणाले. “शिका जरा धाकट्या जावईबापूंकडून!”

थोरल्याने दातओठ खात साडूला हात दिला.


तो हात घट्ट धरून साडू कुजबुजला, “दादा, आमच्याकडे आले की सासरेबुवा दिवसभर तुमचेच गोडवे गातात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आज त्यांचं म्हणणं पटलं.”