कपाटाखालचा आयत

"पकडला!" लेक ओरडली आणि दाराच्या मुठीभोवती तिनं खडूनं रेघ ओढली. "हा गोल!"

आकार म्हणजे चोर आणि ती पोलीस, असा आईनं रचलेला खेळ. खिडकी चौकोन म्हणून सापडली, हँगर त्रिकोण म्हणून. उद्या रंगारी येणार, म्हणून बाबा घामाघूम होऊन कपाट ढकलत होते. ते जरा वाकले तेवढ्यात त्यांच्या टकलावरही खडू फिरला.

"पोलीसबाई, या चोराला आज फार काम आहे. जामिनावर सोडा," बाबा म्हणाले आणि त्यांनी शेवटचा रेटा दिला.

कपाट करकरत सरकलं. खालची लाकडी जमीन बाकीच्या खोलीपेक्षा गडद निघाली, न वापरल्यासारखी. तिच्यावर चार गोल वळ होते, कशाच्या तरी पायांचे.

आईचा झाडू जागीच थांबला.

"अगं, तिला बाहेर ने," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "सकाळपासून सांगतोय."

"माझ्या लक्षातच नाही राहिलं," आई म्हणाली, आणि आपण हे काय बोलून बसलो असं तिला झालं. छोटी कॉट घरातून गेली त्याच दिवशी तिनंच ते कपाट तिथं ओढून आणायला लावलं होतं.

"बाई गं, चार चोर एकदम!" लेक वळांवर तुटून पडली. चौघांना एकेका रेघेनं जोडलं. "दोन रेघा लांब, दोन आखूड. आई, आयत झाला!"

"शाब्बास. चल, हात धुऊ."

पण लेक त्या आयतात आडवी झाली होती. पाय बाहेर आले. तिनं गुडघे पोटाशी घेतले, तरी टाचा रेघेवरच.

"मी नाही मावत यात. कोण मावतं?"

बाबांनी आईकडे बघून मान हलवली. नको. पोरीच्या जन्माआधीच दोघांचं ठरलं होतं, हा विषय घरात काढायचा नाही. तिच्यावर कसली सावली नको.

आई खाली बसली, रेघेच्या बाहेर.

"तुझा दादा," ती म्हणाली. "तुझ्याआधी आलेला."

बाबा खिडकीकडे वळले.

"केवढा आहे?"

"एवढाच. याच्याहून मोठा झालाच नाही गं तो."

लेकीनं जरा विचार केला. मग ती सरकत सरकत एका कडेला गेली, पाठ रेघेला लागेपर्यंत. मधली जागा रिकामी झाली. तिथं तिनं हलकेच हात टाकला, अंगावर पांघरूण घालावं तसा.

"मावला," ती कुजबुजली, आणि तिनं डोळे मिटले.