स्ट्रॉबेरीच्या गोळ्या

कॅरलला लाल लघवी झाली, तशी मर्लिनने हातातलं काम टाकलं. लेकीला स्कूटरवर पुढे उभं करून ती निर्मळ गावाहून थेट डॉक्टरांकडे आली.

"लाल काही खाल्लं होतं?"

मर्लिनला एकदम आठवलं. "मामाने कुवेतहून चघळायच्या गोळ्यांचं एक पाकीट आणलंय. स्ट्रॉबेरीच्या."

"मग झालं. त्यात स्ट्रॉबेरी नावाला, बाकी साखर आणि लाल रंग. रंग कधी कधी लघवीत उतरतो. गोळ्या बंद करा. बंद करूनही दिसलं तर लगेच या."

मर्लिनच्या जिवात जीव आला. मग राग आला. उपवासकाळ चालू होता, आणि ईस्टरपर्यंत गोड खाणार नाही असं कॅरलने क्रुसासमोर कबूल केलं होतं.

"मी नाय खाल्ल्या, मम्मी."

"डॉक्टरांना कळलं, देवाला कळणार नाही?"

आठवडाभरात पुन्हा लघवी लाल झाली. मर्लिनने लेकीला घरातल्या अल्तारासमोर गुडघ्यांवर बसवलं. "खरं बोलेपर्यंत उठायचं नाही."

गुडघे दुखायला लागले तेव्हा कॅरल म्हणाली, "हो, खाल्ल्या."

मर्लिनने सुटकेचा श्वास सोडला. उरलेल्या गोळ्या फेकून द्यायला म्हणून ती घरभर शोधत फिरली. कपाटात नव्हत्या, दप्तरात नव्हत्या. शेवटी पाकीट अल्तारावरच सापडलं, क्रुसाच्या मागे, ईस्टरसाठी जपून ठेवलेलं.

ते अजून फोडलेलंच नव्हतं.