दुपारचे खेकडे

नदी रोज सकाळी आठला यायची नि दहाला आटायची, कारण धरणाचं यंत्र तेवढंच पाणी सोडायचं. चाळीस वर्षांत ती वेळ खेकड्यांच्याही अंगवळणी पडली होती. पावणेआठला ते खडकावर चढले, की भोयांच्या बायका पात्राबाहेर निघायच्या.

आज भर दुपारी गोजरबाई आणि तिची सून डबक्यातले मासे धरत होत्या, तेव्हा खेकडे त्यांच्या पायांवरून पळाले. खडकावर न थांबता ते थेट देवळाच्या पायऱ्या चढू लागले.

"आत्याबाई, वर चला," सून म्हणाली.

"थांब, विचारते." गोजरबाईनं धरणाला फोन लावला. सकाळी यंत्रानं साठा शहाण्णव टक्के सांगितला होता.

आताही आवाज तसाच शांत होता. "साठा शून्य टक्के. उद्या पाणी सोडलं जाणार नाही."