लिंबावरचे सात कोश

सकाळी सव्वासातला कचरागाडी आली आणि प्रशिकने लिंबाच्या छाटलेल्या फांद्या तिच्यात टाकल्या. वडिलांना जाऊन आठवडा झाला होता. पुण्यानुमोदनाच्या बौद्ध विधीला दहा वाजता लोक यायचे होते.

त्याची आई आनंदी अंगणात आली. बोडकं झाड बघून जागीच थबकली.

"अळ्यांनी पूरं झाड खाल्लं होतं, आई. लोग क्या बोलेंगे?"

"बाबांनी फुलपाखरांसाठीच लावलं होतं ते. दवाखान्यात जाताना मला सात कोश दाखवले. म्हणाले, उघडले की सांग."

"मला फोनवर कधी बोलले नाहीत."

"तू फक्त बीपी विचारायचास."

प्रशिक अनवाणीच धावला. गाडीचं गाणं तोवर पलीकडच्या गल्लीत पोचलं होतं.

दहाला वंदना सुरू झाली, तेव्हाही तो परतला नव्हता.